केबिनमधले बहात्तर डेसिबल

आमच्या पिकअपच्या केबिनमध्ये, काचा वर करून, ताशी साठच्या वेगाला एक्क्याऐंशी डेसिबल आवाज होत असे. हे मी फोनवरच्या अ‍ॅपने तीनदा मोजलं होतं. रस्ता तोच, दिशा तीच, मागे कुंड्याही तेवढ्याच. फोनचं मोजमाप अगदी काटेकोर नसतं हे मला ठाऊक आहे. पण फोन तोच आणि ठेवायची जागा तीच असेल, तर निदान फरक तरी खरा मानता येतो.

मोजायची वेळ आली ती बायकोमुळे. एका गुरुवारी संध्याकाळी ती गॅलरीत वाळकी पानं कापत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "उद्यापासून मी नाही येत गाडीत."

"काहून?"

"आवाज किती होते त्या डब्ब्यात. डोकं भणभणते."

आमचा धंदा असा आहे. नवा रायपूरमधल्या कचेऱ्यांना आम्ही कुंड्यांतली झाडं भाड्यानं देतो. कचेरीतली झाडं दोन आठवडे एसीत राहिली की मलूल होतात. मग ती उचलून आमच्या शेडनेटखाली आणायची आणि तिथली टवटवीत झाडं कचेरीत न्यायची. रायपूरच्या तात्यापारा मोहल्ल्यातल्या घरापासून पहिल्या कचेरीपर्यंत सत्तावीस किलोमीटर. आठवड्यातून तीन खेपा. नऊ वर्षं आम्ही दोघं एकत्र जात होतो. कोणतं झाड कुठं जगेल हे तिला कळतं. मला फक्त किती झाडं कुठं आहेत ते कळतं.

झाडांसाठी दुसरा जाणकार माणूस कदाचित मिळालाही असता. पण खरी गोष्ट सांगायची तर ते सत्तावीस किलोमीटर हाच आमचा बोलण्याचा वेळ होता. घरी आधी माझे आईवडील होते, मग मुलगी मोठी झाली, येणारे-जाणारे असतात, टीव्ही असतो. नवरा-बायकोनं निवांत बोलावं अशी जागा आम्हाला मिळाली ती या गाडीतच. मुलीचं कॉलेज, घराची डागडुजी, तिच्या भावाचं दुखणं, सगळं आम्ही शहर आणि नवा रायपूर यांच्यामधल्या त्या रुंद मोकळ्या रस्त्यावर ठरवलं. ती सीट रिकामी राहणार या कल्पनेनं मी अस्वस्थ झालो. तिनं कारण आवाजाचं सांगितलं होतं. आवाज मोजता येतो आणि कमीही करता येतो, तेव्हा कामाला लागायचं असं मी ठरवलं.

त्या आधीच्या आठवड्यात एक नुकसान झालं होतं, तेही सांगायला हवं. एका कचेरीच्या दर्शनी भागात अकरा अरेका पाम ठेवायचे होते. गाडीत मी तिला विचारलं होतं, "पश्चिमेच्या काचेपाशी ठेवून देऊ का?" ती म्हणाली, "हव." इकडे होकाराला सगळेच हव म्हणतात, आम्हीही म्हणतो. ती दुसऱ्या मजल्यावर गेली आणि मी अरेका काचेपाशी लावून टाकले. दुपारच्या उन्हानं चार दिवसांत अकराच्या अकरा करपले. मी चिडून म्हणालो, "तूच तर हव म्हटलं होतं." ती एकेक करपलेली कुंडी उचलून गाडीत ठेवू लागली. गुरुवारी ती कापत बसली होती ती त्याच अरेकांची पानं. पण मी या दोन गोष्टी एकमेकींना जोडल्या नाहीत.

पहिली चूक मी लगेच केली. घरात एक जुनी फोमची गादी होती. ती कापून मी केबिनच्या फरशीवर, मॅटखाली अंथरली. उरलेले तुकडे दारांच्या आत कोंबले. मोजलं तर ऐंशी, म्हणजे सगळ्या खटाटोपानंतर एक डेसिबल. शिवाय तिच्या सीटपुढे पाण्याची झारी असते, ती सांडली आणि फोमनं सगळं पाणी पिऊन घेतलं. पाचव्या दिवशी केबिनला ओल्या गोणपाटासारखा वास येऊ लागला.

मग मी शहरातल्या एका सीट कव्हरवाल्याकडे गेलो. साठीचा माणूस, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. त्यानं दारातला फोम बोटांनी ओढून बाहेर काढला आणि माझ्याकडे पाहिलं.

"भैया, ये तो गद्दी का है. गद्दी सोने के लिए होती है."

"आवाज नहीं रोकेगा?"

"कौन-सा आवाज? पहले ये बताओ." त्यानं बोटाच्या पेरानं दाराच्या पत्र्यावर टकटक केलं. टण्ण असा आवाज आला. मग डावा तळवा पत्र्यावर दाबून धरला आणि उजव्या हातानं पुन्हा टकटक केलं. या वेळी नुसतं थप. "पतरा खुद बजता है. पहले पतरे को चुप कराओ. फोम उसके बाद."

मला हे पटलं. त्याच्याकडे रबरी, डांबरासारख्या काळ्या चादरी होत्या, एका बाजूला चिकट, दुसऱ्या बाजूला अ‍ॅल्युमिनियमचा पापुद्रा. त्या पत्र्याला चिकटवून रोलरनं दाबायच्या, म्हणजे पत्रा जड होतो आणि थरथरत नाही. त्यावर फोम, पण पाणी न पिणारा, बंद छिद्रांचा. आणि सगळ्यात वर रेक्झिनची मॅट. काम मीच करून देतो असं तो म्हणाला, पण दुसऱ्यानं चिकटवलेल्या कोपऱ्यांवर माझा भरवसा बसत नाही. मी सामान घेतलं आणि घरी आणलं.

तीन रविवार लागले. गल्लीत गाडी उभी करून मी सीट काढली, मॅट काढली, दारांची आतली पॅनेलं काढली. पत्रा थिनरनं पुसला. फरशी चौदा चौरस फूट, छत बारा, मागची भिंत नऊ, दोन्ही दारं पाच-पाच. एकूण पंचेचाळीस. चादरी लावण्याआधी मी त्या घरच्या काट्यावर तोलल्या, साडेतेरा किलो भरल्या, म्हणजे मातीनं भरलेली एक मोठी कुंडी. तेवढी एक कुंडी मागे कमी नेता येईल, हेही मी लिहून ठेवलं. दारांच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी बारीक भोकं असतात. ती झाकली तर पावसाचं पाणी आत साठून दार सडतं. तेवढी भोकं सोडून मी बाकी एक इंचही उघडा ठेवला नाही.

बायको गॅलरीतून पाहत असे. दुसऱ्या रविवारी ती चहा घेऊन खाली आली.

मुलगी तिच्या मागोमाग. मुलीला मराठी सगळं समजतं, पण तोंडातून येते ती हिंदीच. "बाबा, गाड़ी बना रहे हो या रेकॉर्डिंग स्टूडियो?"

बायको म्हणाली, "गाडीले गोधडी शिवून राहिले तुझे बाबा. थंडी वाजते तिले."

"तुझ्याचसाठी करून राहिलो," मी म्हणालो.

त्यावर ती हसली नाही. कप रिकामा होईपर्यंत उभी राहिली आणि वर गेली.

चादरींनंतर आकडा शहात्तर झाला. फोम आणि मॅट लावल्यावर त्र्याहत्तर. गिअरच्या दांड्याभोवतीचं रबर फाटलं होतं, तिथून इंजिनाचा आवाज सरळ वर येत होता. ते बदललं आणि बहात्तरवर आलो. एक्क्याऐंशीवरून बहात्तर. ज्यानं असं काही केलेलं नाही त्याला नऊ हा आकडा किरकोळ वाटेल. पण दार लावून घेतल्याबरोबर गल्ली एकदम लांब गेल्यासारखी वाटायची.

पुढच्या रविवारी मी तिला म्हटलं, "एक चक्कर मारून येऊ. फक्त पाहून घे." ती आली. शहर मागे टाकलं, रस्ता मोकळा झाला, मी वेग साठवर नेला आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, "शेडनेटखाली रबर प्लांट किती उरले?"

ती समोर पाहत म्हणाली, "हव."

मी पुन्हा विचारलं नाही. किती, असं विचारल्यावर जो माणूस हव म्हणतो, त्याचं लक्ष आपल्याकडे नाही, एवढाच अर्थ मी काढला. पुढच्या चौकातून गाडी परत फिरवली. घराखाली उतरताना तिनं दाराच्या आतल्या नव्या रेक्झिनवरून हात फिरवला.

"चांगलं केलं तुम्ही. खरंच चांगलं झालं. पण मी नाही येत."

"आता काय राहिलं? बहात्तर आहे."

"नाही जमत मले," ती म्हणाली आणि जिना चढून गेली.

पुढचा महिनाभर मी एकटाच खेपा केल्या. कुंड्या उचलायला कचेऱ्यांतले शिपाई हात लावत, पण कोणती उचलायची हे सांगणारं कोणी नव्हतं. मी तारखेप्रमाणे बदलत होतो, ती पानं पाहून बदलायची. दोन ठिकाणांहून तक्रार आली. गाडीत आता एवढी शांतता होती की झारीची कडी हलली तरी ऐकू यायची. मी कडीला चिंधी बांधली. मागच्या काचेचं रबर बदललं. अ‍ॅप एक्काहत्तर आणि बहात्तरच्या मध्ये थांबायचं. त्याच्या खाली कसं जायचं हे मला सुचत नव्हतं, आणि गेलो तरी ती येईल असंही वाटत नव्हतं.

श्रावणात आमच्याकडे सत्यनारायण असतो. आम्ही दोघं पूजेला बसलो. पूजेला बायको नवऱ्याच्या उजव्या हाताला बसते, तशी ती बसली. गुरुजी पोथी वाचत होते. आत स्वयंपाकघरात मिक्सर चालू होता, मुलगी घंटा पुसता पुसता वाजवून पाहत होती, बाहेरच्या खोलीत चार-पाच पाहुणे बोलत होते. गुरुजींनी पान उलटलं, तेव्हा एकदम दोन पानं गेली. मला मोजायची सवयच आहे. मी ओठ फारसे न हलवता, मान न वळवता पुटपुटलो, "दोन पानं एकदम गेली."

तीही मान न वळवता तितक्याच हळू म्हणाली, "जाऊ द्या ना. शिरा थंडा होऊन राहिला."

मला हसू आवरेना. गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. पळीतलं पाणी सोडता सोडता माझं हसू मात्र थांबलं. एवढ्या गलबल्यात तिनं माझं पुटपुटणं ऐकलं होतं. बहात्तर डेसिबलच्या बंद केबिनमध्ये तिला नेहमीच्या आवाजात विचारलेला प्रश्न ऐकू आला नव्हता. इथं ती माझ्या उजवीकडे होती, गाडीत डावीकडे असते. म्हणजे इथं माझ्याकडे तिचा डावा कान होता आणि गाडीत उजवा.

पुढचं मी केलं ते बरोबर केलं की नाही, मला अजून सांगता येत नाही. मी आठवडाभर तिला न सांगता मोजलं. कधी तिच्या डाव्या बाजूनं, कधी उजव्या बाजूनं, ती पाठमोरी असताना, सारख्याच अंतरावरून, सारख्याच आवाजात काहीतरी साधं बोलायचं. डाव्या बाजूनं दहापैकी दहा वेळा उत्तर आलं. उजव्या बाजूनं दहापैकी तीन. त्या तिन्ही वेळा तिला समोरच्या काचेत माझा चेहरा दिसत होता. मग मी जेवणाचं टेबल आठवलं. दोन वर्षांपूर्वी तिनं आपली खुर्ची बदलून माझ्या उजव्या हाताला घेतली होती. पंखा थेट अंगावर येतो म्हणाली होती.

सातव्या दिवशी तिनं मला वहीसकट पकडलं.

"काय लिहून राहिले? माझ्या मागं उभं राहून?"

मी वही पुढे केली. तिनं पाहिली. दोन रकाने, डावा आणि उजवा, खाली बरोबरच्या आणि फुलीच्या खुणा. ती खुर्चीवर बसली.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दोन वर्षं झाले असतील. हळूहळू गेलं."

"मले सांगितलं काहून नाही?"

"तुम्ही मोजलं असतं," ती म्हणाली.

माझ्या हातात वही होती. मी ती मिटली.

मग ती म्हणाली, "घरी काही नाही वाटत. फिरून बसलं की होते. गाडीत कुठं फिरू? तुम्ही बोलत राहता, मी हव हव करत राहते. अंदाजानं. आधी अंदाज बरोबर यायचा. मग ते अरेका जळाले. तुम्ही काय विचारलं होतं तेच मले माहीत नव्हतं, अन् तुम्ही म्हटलं, तूच हव म्हटलं. म्हटलंच होतं मी. उद्या तुम्ही पोरीच्या लग्नाचं काही विचारलं, अन् मी हव म्हटलं तर? खोटं खोटं ऐकायचं नाही जमत मले. त्याच्यापेक्षा यायचंच नाही."

"आणि आवाज?"

"आवाजही होताच ना. चांगला कान दाराकडे, वाईट कान तुमच्याकडे. गाडी सगळी ऐकू यायची. तुम्हीच नाही यायचे."

कानाच्या डॉक्टरांकडे आम्ही त्याच आठवड्यात गेलो. तपासणीची एक बंद खोली होती, कपाटाएवढी. आतून चारही भिंतींना उंचसखल राखाडी फोम. ती आत जायच्या आधी मी तो फोम बोटानं दाबून पाहिला. "सर, हाथ मत लगाइए," तपासणारी मुलगी म्हणाली. बायको कानाला हेडफोन लावून आत बसली आणि काचेतून माझ्याकडे पाहून तिनं भुवया उडवल्या, झालं का समाधान, अशा अर्थानं. बाहेर आली तेव्हा कागदावर दोन रेघा होत्या. डाव्या कानाची वर, जवळजवळ सरळ. उजव्या कानाची खाली उतरत गेलेली. डॉक्टरांनी समजावून सांगितलं. नस कमजोर झाली आहे, परत पहिल्यासारखं होणार नाही, मशीन लावता येईल, घाई नाही, पण टाळूही नका. मी आकडे विचारत होतो. बायको म्हणाली, "ते यांना कागदावर लिहून द्या, घरी पाहतील. मले फक्त सांगा, दुसरा कान तर नाही ना जाणार?" डॉक्टर म्हणाले, तसं आज काही दिसत नाही, सहा महिन्यांनी पुन्हा पाहू. तिनं मान डोलावली. तिला हवं होतं तेवढं मिळालं होतं.

मशीनचं अजून ठरलेलं नाही. ती म्हणते लावीन, पण तारीख सांगत नाही. मी विचारणं सोडून दिलं आहे.

गाडीचं मात्र तिनंच ठरवलं. त्यानंतरच्या सोमवारी मी कुंड्या चढवून दोर बांधत होतो. ती खाली आली, झारी भरलेली, ओढणी खोचलेली. डावीकडच्या दारापाशी गेली नाही. उजवीकडून आली आणि हात पुढे केला.

"किल्ली द्या."

"ही चालवशील?"

"माहेरी कार नाही चालवली काय मी सहा वर्षं? लायसन आहे. तुम्ही बसा तिकडं."

मी तिकडं बसलो. आमच्या गल्लीतून तिनं गाडी दुसऱ्या गिअरमध्ये काढली, दोनदा बंद पडली, एकदा स्कूटरवाल्यानं काहीतरी ऐकवलं. तिनंही ऐकवलं. शहराबाहेर आल्यावर रस्ता रुंद झाला, समोर एक बस आणि नंतर काहीच नाही. तिनं वेग पन्नासवर नेऊन तिथेच ठेवला.

मी विचारलं, "रबर प्लांट किती उरले शेडनेटखाली?"

"चौदा. त्यातले तीन नाही न्यायचे, मुळं बाहेर येऊन राहिली."

मी खिशातून फोन काढला होता. तो परत ठेवला. तेवढ्यात माझ्या डाव्या कानापाशी, दाराच्या आतून, बारीक किरकिर ऐकू आली. काच वर-खाली करायच्या यंत्राचा कुठलातरी स्क्रू सैल असणार. पंचेचाळीस चौरस फूट चादर लावून, इतक्या वेळा मोजून, तो आवाज मला कधीच सापडला नव्हता, कारण फोन मधोमध ठेवायचा आणि मी उजवीकडे बसायचो.

"हे दार नेहमीच असं वाजते?"

"पहिल्या दिवसापासून," ती म्हणाली. "आता समोर पाहू द्या, वळण येऊन राहिलं."

पुढच्या रविवारी डाव्या दाराचं पॅनेल पुन्हा उघडायचं ठरलं. त्या सोमवारी आम्ही पहिल्या कचेरीत नेहमीपेक्षा वीस मिनिटं उशिरा पोचलो. अरेका करपले होते ती पश्चिमेची काच आली तेव्हा मी कुंडी हातात धरून थांबलो आणि तिच्या डाव्या बाजूला जाऊन विचारलं, इथं ठेवू का.

"नाही," ती म्हणाली.